ढाल कुणी तपासली?

(युवा शिबिरात केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



संयोजकांनी मला मोकळीक दिली होती, विज्ञानातला कुठलाही विषय घ्या म्हणून. मी बुलेटप्रूफ जाकीट हा विषय घेतला. घरी सांगितलं तर अम्मी म्हणाली, "दुसरा विषय नव्हता का रे? फोनवर असलं काही शोधत बसू नकोस." तुम्ही हसताय, म्हणजे ही भीती तुमच्याही घरात आहे. मी म्हटलं, "अम्मी, ही बंदूक नाही, ढाल आहे." ती म्हणाली, "ते तुला माहीत आहे. बाकीच्यांना?"

तिच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. तरीही मी विषय बदलला नाही. भीतीपोटी आपण एखाद्या विषयाला हातच लावला नाही, तर त्या विषयात आपली मुलं इंजिनिअर, संशोधक, तपासनीस कशी होणार? आणि ही ढाल पोलिसांच्या आणि जवानांच्या अंगावर असते, तुमच्या-माझ्या कराच्या पैशातून घेतलेली असते. तिच्याबद्दल प्रश्न विचारणं हे नागरिकाचं काम आहे.

सुरुवात एका फॉरवर्डपासून करू. "चारशे वर्षांपूर्वी मुस्लिम कारागिरांना नॅनोटेक्नॉलॉजी माहीत होती, युरोपनं आज शोध लावला." हा मेसेज ज्यांना आलाय त्यांनी हात वर करा. जवळजवळ सगळेच! आणि किती जणांनी पुढे पाठवला? प्रामाणिकपणे सांगतो, मीही पाठवला होता. नंतर मुळात काय आहे ते वाचलं.

त्यात खरं काय आहे? जर्मनीत ड्रेस्डेनच्या तांत्रिक विद्यापीठात पीटर पाउफ्लर नावाचे प्राध्यापक होते. त्यांच्या गटानं सतराव्या शतकातल्या एका दमास्कस तलवारीचा तुकडा तपासला. ही तलवार असद उल्लाह या नामवंत कारागिराची मानली जाते. तुकडा आम्लात टाकल्यावर जे उरलं ते इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं, तर कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्या दिसल्या. त्यांनाच कार्बन नॅनोट्यूब म्हणतात. २००६ साली हे 'नेचर'मध्ये छापून आलं. म्हणजे तलवार खरी, नळ्याही खऱ्या.

दुसरी गोष्ट फॉरवर्डमध्ये नसते. अशा तलवारींचं पोलाद आपल्याकडून, दक्षिण भारतातून आणि दख्खनमधून जायचं. इंग्रज त्याला वूट्झ म्हणत. हा शब्द कन्नड-तेलुगूतल्या 'उक्कु'वरून आला असं मानतात. तेलंगणातल्या निजामाबाद जिल्ह्यात, म्हणजे आपल्या नांदेडला लागून, कोनासमुद्रम नावाचं गाव आहे. तिथे हे पोलाद तयार व्हायचं आणि ते न्यायला इराणचे व्यापारी यायचे. भट्टी लावणारे इथले, तलवार घडवणारे तिकडचे. एकाच तलवारीत किती जातींचे, धर्मांचे हात होते बघा. आपला फॉरवर्ड मात्र ती एकाच समाजाच्या नावावर लावतो.

आता न पटणारा भाग. त्या कारागिरांना नॅनोट्यूब माहीत होती का? नाही. ती डोळ्यांना दिसतच नाही. त्यांना पोलाद माहीत होतं, भट्टीचा रंग माहीत होता, हात माहीत होता. ही विद्या मोठीच होती. पण अठराव्या शतकाच्या सुमारास ती तलवार बनवणं बंद पडत गेलं आणि कृती हरवली. अमेरिकेत जॉन व्हरहोवन हे धातुतज्ज्ञ आणि आल्फ्रेड पेंड्रे हे लोहार, या दोघांनी मिळून वर्षानुवर्षं प्रयोग केले. त्यांचं म्हणणं असं की, विशिष्ट खाणीच्या लोखंडात व्हॅनेडियमसारख्या धातूंचा अगदी किंचित अंश होता आणि तलवारीवरची ती नक्षी त्यामुळे उमटायची. खनिज बदललं, तो अंश गेला. कारागीर तेच, भट्टी तीच, पण तलवार तशी होईना. का होत नाही हे कुणाला कळलं नाही, कारण मोजायचं साधन नव्हतं आणि कृती बापाकडून मुलाकडे तोंडी जायची.

हे लक्षात ठेवा. आजची नॅनोची गोष्ट इथूनच समजते.

जाकिटाकडे येऊ. पहिली गोष्ट, 'बुलेटप्रूफ' असं काही नसतं. तज्ज्ञ 'बुलेट रेझिस्टन्ट' म्हणतात, गोळीला अडवणारं. कुठली गोळी, किती वेगाची, किती अंतरावरून, हे ठरलेलं असतं. नऊ मिलिमीटरच्या पिस्तुलाच्या गोळीत साधारण ५०० ज्यूल ऊर्जा असते, एके-४७ च्या गोळीत साधारण २,०००. पहिली अडवणारं जाकीट दुसरी अडवेलच असं नाही.

पिस्तुलासाठी मऊ जाकीट असतं. त्यात केव्हलारसारख्या धाग्याच्या कापडाचे अनेक थर असतात. क्रिकेटच्या सरावातली जाळी आठवा. चेंडू एका जागी आदळतो, पण ताण लांबपर्यंतच्या दोऱ्यांवर जातो. तसंच इथे. केव्हलारचा शोध १९६५ साली स्टेफनी क्वोलेक या रसायनशास्त्रज्ञ बाईंनी ड्यूपॉन्ट कंपनीत लावला. त्यांच्याकडे तयार झालेलं द्रावण नेहमीसारखं घट्ट आणि पारदर्शक नव्हतं, पातळ आणि गढूळ होतं. धागा काढायच्या यंत्रावरचा सहकारी ते यंत्रात घालायला तयार नव्हता, भोकं बुजतील म्हणून. बाईंनी पिच्छा पुरवला. शेवटी धागा निघाला. बाईंनी तो तपासायला पाठवला आणि आलेल्या आकड्यांवर त्यांचाच विश्वास बसेना, म्हणून पुन्हा पुन्हा तपासून घेतला. मगच इतरांना सांगितलं.

रायफलच्या गोळीसाठी कापड पुरत नाही. पुढे सिरॅमिकची प्लेट लागते, बोरॉन कार्बाइडसारख्या अतिशय कठीण पदार्थाची. ती गोळीचं टोक फोडते, बोथट करते. मागे धाग्यांचे थर रेझिनमध्ये चिकटवून केलेलं पॅनल असतं. ते उरलेला जोर आणि तुकडे झेलतं. याला कॉम्पोझिट म्हणतात. वेगवेगळ्या पदार्थांचा संसार, प्रत्येकाचं काम वेगळं.

अडचण वजनाची आहे. हे अंगावर घालून उन्हात बारा तास उभं राहायचं, पळायचं, जिने चढायचे. जड झालं की माणूस ते काढून गाडीत ठेवतो. आणि गाडीत ठेवलेलं जाकीट कुणालाच वाचवत नाही.

मग नॅनो कशाला? कॉम्पोझिटमधला धागा सहसा भक्कम असतो, दुबळी असते ती दोन थरांमधली रेझिनची जागा. गोळी लागली की थर सुटतात, भेग तिथून पळते. सिरॅमिकची अडचण वेगळी. ते कठीण आहे, पण ठिसूळ. भेग पडली की लांब जाते. या जागा इतक्या बारीक आहेत की तिथे मदत करायची तर मदतनीसही तितकाच बारीक हवा. एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. माणसाच्या केसाची जाडी साधारण ८० हजार ते एक लाख नॅनोमीटर. कार्बन नॅनोट्यूब काही नॅनोमीटर ते काही दहा नॅनोमीटर जाडीची असते, आणि ताण सोसण्यात केव्हलारच्या कित्येक पट.

तीन वाटा सांगतो. पहिली, नळ्या रेझिनमध्ये मिसळायच्या. भेग उघडायला लागली की या नळ्या दोन्ही काठांना धरून ठेवतात. फाटक्या कापडाला टाके घातल्यासारखं.

दुसरी वाट तुम्ही घरी करून पाहू शकता. मक्याचं स्टार्च, म्हणजे कॉर्नफ्लोअर, थोड्या पाण्यात कालवा. हळू बोट घाला, आत जाईल. जोरात बुक्की मारा, घट्ट होईल. अमेरिकेत डेलावेअर विद्यापीठात नॉर्मन वॅग्नर आणि तिथल्या लष्करी प्रयोगशाळेतले संशोधक यांनी सिलिकाचे अतिसूक्ष्म कण अशाच एका द्रवात मिसळून त्यात केव्हलार भिजवलं. कापड लवचीक राहिलं, पण जोराचा मार बसताच कण एकमेकांत अडकतात, धागे सरकत नाहीत. सुरी, टोच्या यांच्यापासून बचाव करायला हे जास्त कामाचं दिसलं.

तिसरी वाट आपल्या मुंबईतली. ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रानं 'भाभा कवच' तयार केलं. त्यात बोरॉन कार्बाइडसोबत कार्बन नॅनोट्यूब आणि पॉलिमर वापरलं आहे. उत्पादन हैदराबादच्या मिश्र धातु निगमकडे आहे. बोरॉन कार्बाइडचा एक जुना दोष आहे. मारा फार वेगाचा असेल तर ते अचानक दुबळं पडतं. २००३ साली त्याचं कारण सापडलं. आत काही नॅनोमीटर रुंदीचे पट्टे तयार होतात, तिथली अणूंची शिस्तबद्ध रचना मोडते. म्हणजे दोषही नॅनो मापाचा आणि त्यावरची दवाही.

इथपर्यंत ऐकून वाटेल, प्रश्न सुटला. घरी फिरनी करताना तांदळाचं वाटण गरम दुधात एकदम टाकलं तर काय होतं? गुठळ्या. नॅनोट्यूबचं अगदी तसंच आहे. त्या एकमेकींना चिकटतात. गुठळी झाली की ती मदत करत नाही, उलट भेग तिथूनच सुरू होते. शिवाय नळ्या जास्त घातल्या की रेझिन इतकं घट्ट होतं की धाग्यांत शिरत नाही. म्हणून वजनाच्या एक टक्क्याच्या आसपास, बऱ्याचदा त्याहूनही कमी घालतात. एकेका नळीची ताकद अफाट असते, पण अख्ख्या पॅनलमध्ये त्यातला थोडाच भाग उतरतो.

आणि बातमी कशी येते? २०१४ साली 'सायन्स'मध्ये ग्राफीनवरचा एक प्रयोग आला. ग्राफीन म्हणजे कार्बनचा एका अणूइतका जाड पापुद्रा. त्याचे थर एकावर एक ठेवून, सेकंदाला ६०० मीटर वेगानं मारा केला, तर तितक्याच वजनामागे त्यांनी पोलादाच्या सुमारे दहापट ऊर्जा शोषली. प्रयोग उत्तम होता. पण ग्राफीनची एकूण जाडी होती १० ते १०० नॅनोमीटर, आणि 'गोळी' म्हणजे मायक्रोमीटर मापाचा सिलिकाचा कण. संशोधकांनी हे स्पष्ट लिहिलं होतं. आपल्यापर्यंत पोचलं ते एवढंच, "पोलादाच्या दहापट मजबूत जाकीट येणार!" चिमुकल्या कणापासून खऱ्या काडतुसापर्यंतचं अंतर बातमीत गळून पडलं.

मी सॉफ्टवेअरवाला आहे, पदार्थशास्त्राचा तज्ज्ञ नाही. पण टेस्टिंग म्हणजे काय हे रोज बघतो. कोड लिहिणारा म्हणतो, "माझ्या मशीनवर चालतंय." तिथे काम संपत नाही, सुरू होतं. माझ्या कामात चूक झाली तर स्क्रीन अडकते. जाकिटात चूक झाली तर काय होतं, ते आता सांगतो.

१९९०च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेत झायलॉनची जाकिटं आली. हा धागा जपानच्या तोयोबो कंपनीचा. नॅनो नाही, पण केव्हलारपेक्षा कितीतरी ताकदवान, त्यामुळे जाकीट पातळ आणि हलकं. पोलिसांना हवं होतं तेच. जाकिटं नवी असताना चाचणीत पास झाली. जून २००३ मध्ये कॅलिफोर्नियातल्या ओशनसाइड गावचे पोलीस अधिकारी टोनी झेपेटेला यांच्यावर गोळीबार झाला. गोळ्या झायलॉनचं जाकीट भेदून गेल्या आणि ते वारले. त्याच महिन्यात पेनसिल्व्हेनियात एड लिंबॅकर नावाच्या अधिकाऱ्याच्या जाकिटातून गोळी आरपार गेली. ते वाचले, पण जबर जखमी झाले.

मग अमेरिकेच्या न्याय खात्याच्या संस्थेनं वापरलेली जाकिटं गोळा करून तपासली. १०३ जाकिटांपैकी ६० मधून किमान एक गोळी आरपार गेली. कारण निघालं दमटपणा. हवेतली आर्द्रता, घाम आणि उजेड यांनी तो धागा आतून कुजत होता. बाहेरून जाकीट छान दिसायचं. ऑगस्ट २००५ मध्ये झायलॉनच्या जाकिटांची मान्यता काढून घेतली गेली.

या गोष्टीत एक माणूस आहे, ॲरन वेस्ट्रिक. जाकीट बनवणाऱ्या कंपनीतच ते संशोधनाचं काम पाहायचे. त्यांनी आतून धोका सांगितला, कंपनीनं ऐकलं नाही. मग ते न्यायालयात गेले, सरकारच्या बाजूनं उभे राहिले. २०१८ साली तोयोबोनं ६ कोटी ६० लाख डॉलर द्यायचं मान्य करून प्रकरण मिटवलं. आपण गवाही आणि अमानत हे शब्द लहानपणापासून ऐकतो. पोलिसानं आपला जीव एका कापडावर सोपवला, ती अमानत होती. आणि स्वतःच्या कंपनीविरुद्ध खरं बोलणं, ही गवाही होती.

आता मुंबई. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री सीएसटीवर हेमंत करकरे हेल्मेट आणि जाकीट चढवतानाचं दृश्य तुम्ही पाहिलं असेल. त्यानंतर काही वेळातच कामा हॉस्पिटलजवळ करकरे, अशोक कामटे आणि विजय साळसकर शहीद झाले. करकरेसाहेबांचं नाव आपल्या घराघरांत कोणत्या आदरानं घेतलं जातं, मी सांगायला नको. पुढे त्यांच्या जाकिटाच्या दर्जावर प्रश्न उभे राहिले. आणि जाकीटच सापडेना. ते कुठे गेलं हे विचारण्यासाठी त्यांच्या पत्नी कविता करकरे यांना माहिती अधिकारात अर्ज करावा लागला.

चांगल्या जाकिटानं ते वाचले असते का, हा माझा मुद्दा नाही. त्याचं उत्तर जखमा कुठे होत्या आणि गोळी कुठली होती यावर ठरतं. माझा मुद्दा एवढाच आहे की, जाकीट हा पुरावा होता. तो हातात असता तर तपासता आला असता. वस्तूच हरवली की उरतात फक्त आरोप आणि अफवा, आणि त्यांचं पीक आपल्याकडे किती येतं ते तुम्हाला माहीत आहे. दहा वर्षांनी, २०१८ मध्ये, भारतीय मानक ब्युरोनं अशा जाकिटांसाठी आपलं मानक काढलं, आयएस १७०५१. कुठल्या पातळीच्या जाकिटानं कुठली गोळी अडवायची, हे त्यात लिहिलेलं आहे.

म्हणून नॅनोचं जाकीट आलं अशी बातमी वाचाल तेव्हा चार प्रश्न विचारा. कुठल्या गोळीसाठी? चाचणी कुणी केली, बनवणाऱ्यानं की दुसऱ्यानं? नव्या जाकिटावर केली की दोन पावसाळे अंगावर काढलेल्यावर? कोकणातल्या, मुंबईतल्या दमट हवेत हा तिसरा प्रश्न फार मोलाचा आहे. आणि चौथा सहसा कुणी विचारत नाही, हे बनवणाऱ्या कामगाराचं काय? काही प्रकारच्या लांब, ताठ नॅनोट्यूब शरीरात गेल्या तर ॲस्बेस्टॉससारखा धोका असू शकतो, असं २००८ साली उंदरांवरच्या प्रयोगात दिसलं. रेझिनमध्ये बंद असेपर्यंत त्या सहसा सुटत नाहीत. पण कोरडी पूड हाताळणारा, पॅनल कापणारा, घासणारा कामगार कोण असतो? बऱ्याचदा आपल्याच मोहल्ल्यातला मुलगा. एकाची ढाल बनवताना दुसऱ्याची छाती उघडी पडायला नको.

शेवटी असद उल्लाहच्या तलवारीकडे परत येतो. फॉरवर्ड आपल्याला सांगतो, "बघा, आपल्याकडे होतं." मला त्यातून वेगळंच दिसतं. शेकडो वर्षांची विद्या खनिज बदलल्यावर टिकली नाही, कारण मोजलेलं नव्हतं, लिहिलेलं नव्हतं, चार लोकांसमोर मांडलेलं नव्हतं. आपल्या पूर्वजांचा मान राखायचा असेल तर जे त्यांना शक्य नव्हतं ते आपण करू या. इथे बारावीची मुलं-मुली आहेत. सगळ्यांनी कॉम्प्युटरलाच जायला हवं असं नाही, आणि हे मी सॉफ्टवेअरमध्ये नोकरी करून सांगतोय. धातुशास्त्र आहे, पॉलिमर आहे, टेक्स्टाइल आहे. भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीत मागावर वाढलेल्या मुलाला ताणा-बाणा कुणी शिकवायची गरज नाही. जाकिटाच्या कापडातही तेच ताणा-बाणा असतात.

आणि अम्मीचा प्रश्न? "ते तुला माहीत आहे, बाकीच्यांना?" त्याचं उत्तर घरात दार लावून मिळणार नाही. असं उघड बोलूनच मिळेल, इथल्यासारखं, सगळ्यांसमोर. हे भाषण छापून आलं की पहिल्यांदा तिलाच वाचून दाखवणार आहे.

तो फॉरवर्ड पुन्हा आला तर डिलीट करू नका. खाली लिहा, पोलाद दख्खनचं होतं, तपास ड्रेस्डेनमध्ये झाला, आणि आपण अजून काय तपासलंय?